पडद्यावरची रेघ आणि कारखान्यातील हात



या व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला बोलावणे पाठविले तेव्हा त्यांच्या मनात बहुधा असे असावे की, हा मनुष्य कामगार संघटनेचा. तेव्हा हा बोनसवर बोलेल, कंत्राटी कामगारांवर बोलेल, फार तर नव्या कामगार संहितांवर बोलेल. त्या विषयांवर आम्ही कारखान्यांच्या फाटकांपुढे तीस वर्षे घसा कोरडा करीत आलो आहोत आणि पुढेही करणार आहोत. पण वसंत ऋतूतील संध्याकाळी, दिवसभराची कामे उरकून, घरची मंडळी बरोबर घेऊन आलेल्या श्रोत्यांपुढे तेच गाऱ्हाणे गाणे आम्हांला प्रशस्त वाटेना. म्हणून आम्ही उलट कळविले की, आम्ही चित्रांवर बोलू. चालक थोडे चपापले. त्यांना वाटले, आता हा रविवर्म्यावर बोलणार की काय! तेव्हा आम्ही खुलासा केला. कोणतीही वस्तू घडविण्यापूर्वी इंजिनियर लोक तिचे जे चित्र काढतात त्यावर, आणि ते चित्र संगणकाच्या पडद्यावर काढण्याची जी साधने गेल्या साठ वर्षांत निघाली त्यांवर आम्ही बोलणार आहोत.

आमचा अधिकार काय, असे कोणी विचारील तर उत्तर सरळ आहे. दहावीनंतर आमची शाळा सुटली. अठराव्या वर्षी आम्ही एका टूलरूममध्ये उमेदवार म्हणून लागलो. त्या काळी ड्रॉइंग म्हणजे अमोनियाचा वास मारणारा, जांभळट रेघांचा, घड्यांवर फाटत आलेला कागद. ड्रॉइंग वाचता येणे हीच कारखान्यातील खरी साक्षरता होती. ज्याला ते वाचता येत नसे तो वर्षानुवर्षे हेल्परच राही. आम्हांला ही अक्षरओळख एका वृद्ध फिटरने करून दिली. सगळे त्यांना मामा म्हणत. मामा ड्रॉइंग एकवार नीट न्याहाळीत, घडी करून खिशात ठेवीत आणि खडू काढून बेंचच्या पत्र्यावर तो जॉब आपल्या समजुतीने पुन्हा काढीत. मग कागद उलगडून दोहोंचा मेळ घालीत. जेथे मेळ बसत नसे तेथे एक तर मामा चुकलेले असत, नाही तर कागद. बहुतेक वेळा मामा चुकलेले असत, हे आम्ही प्रामाणिकपणे सांगतो. पण कागदही चुकलेला असे, आणि तो चुकला आहे हे कळण्याला त्या खडूच्या चित्रावाचून दुसरा मार्ग नव्हता.

आजच्या विषयात एक शब्द वारंवार यावयाचा आहे. तो शब्द म्हणजे बंधन. तो आधी समजून घेऊ. गवंड्याजवळ ओळंबा असतो, पाणसळ असते आणि गुण्या असतो. ओळंबा सांगतो की भिंत उभी पाहिजे. पाणसळ सांगते की थर सपाट पाहिजे. गुण्या सांगतो की कोपरा काटकोनात पाहिजे. ही तिन्ही बंधनेच होत. वस्तू घडविणाऱ्याला याखेरीज आणखी कितीतरी बंधने पाळावी लागतात. ओतकामाची वस्तू साच्यातून सुटून निघावी म्हणून तिच्या उभ्या अंगाला किंचित उतार ठेवावा लागतो. पत्रा प्रमाणाबाहेर आवळून वाकविला तर वाकाच्या ठिकाणी चिरतो. बोल्ट बसवावयाचा तर पाना फिरण्याला जागा लागते. वजन ठरलेले असते, माल ठरलेला असतो, आणि खर्च तर सर्वांच्या आधी ठरलेला असतो. चित्रकाराची रेघ मनाला येईल तिकडे जाते. आमच्या रेघेला एवढ्या सगळ्यांची परवानगी काढावी लागते. आपल्या घरातील भगिनी ठिपक्यांची रांगोळी काढतात. तेथे ठिपके आधी मांडतात आणि रेघ मागून वळते. ठिपके हे बंधन आणि रेघ ही कल्पना. दोहोंमुळे रांगोळी होते.

आता ठिपके आणि रेघ यांचे हे नाते यंत्राला समजावून द्यावे, ही कल्पना प्रथम कोणी प्रत्यक्षात उतरविली? अमेरिकेत एमआयटी ही जगप्रसिद्ध तंत्रशाळा आहे. तेथील आयव्हन सदरलंड या चोवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने जानेवारी १९६३ मध्ये आपला प्रबंध सादर केला. त्याने केलेल्या साधनाचे नाव स्केचपॅड. ज्या यंत्रावर ते चालले ते टीएक्स-२ नावाचे यंत्र लिंकन प्रयोगशाळेत होते. ही प्रयोगशाळा मुळात हवाई संरक्षणाच्या कामासाठी, लष्करी पैशावर उभी राहिलेली. यंत्राने एक खोली व्यापली होती, आणि चित्र काढण्याची जागा मात्र सात इंच लांब, सात इंच रुंद! तुमच्या आमच्या खिशातील फोनचा पडदा लांबीला जवळपास तेवढाच असतो.

त्या पडद्यावर प्रकाश ओळखणारी लेखणी टेकवावयाची, डाव्या हाताने बटण दाबावयाचे आणि लेखणी सरकवावयाची. रेघ रबराच्या दोरीसारखी ताणत मागोमाग येई. पण खरी गंमत याच्या पुढे आहे. एक वेडावाकडा षट्कोन काढावयाचा. यंत्राला सांगावयाचे की याचे सहाही कोपरे या वर्तुळावर असू देत. मग सांगावयाचे की सहाही बाजू सारख्या असू देत. यंत्र प्रत्येक बंधन किती मोडले आहे ते मोजी, कोपरे थोडे थोडे सरकवून एकूण चूक कमी करीत जाई, आणि पाहणाऱ्याच्या डोळ्यांदेखत त्या वेड्यावाकड्या आकाराचा नीटस षट्कोन होई. सदरलंडने पुलाच्या सांगाड्याचेही चित्र काढले, त्यावर भार टांगला, आणि कोणत्या दांडीवर किती ताण व किती दाब येतो याचे आकडे त्या त्या दांडीजवळ उमटविले. चित्र नुसते दिसेनासे होऊन वागू लागले. याच कामाकडे बोट दाखवून पुढे १९८८ साली त्यांना संगणकशास्त्रातील ट्युरिंग पारितोषिक देण्यात आले.

हा प्रबंध आम्ही वाचला. केंब्रिज विद्यापीठाने २००३ साली तो पुन्हा काढून सर्वांना खुला केला. आमच्या मुलीने त्याची पाने छापून आणून दिली आणि एक पावसाळाभर, मांडीवर शब्दकोश घेऊन, आम्ही ती वाचली. गणिताचा भाग आमच्या डोक्यावरून गेला, हे लपविण्यात अर्थ नाही. पण आरंभीच्याच भागात एके ठिकाणी आम्ही अडलो, ते शब्दासाठी नव्हे. हे साधन कोठे उपयोगी आहे आणि कोठे नाही, हे लेखकाने तेथे मोठ्या प्रांजळपणाने सांगितले आहे. चित्र हलवून पाहावयाचे असेल, त्यातील प्रश्न सोडवावयाचा असेल, तर साधन उत्तम. तीच ती आकृती पुनःपुन्हा काढावयाची असेल किंवा फार बिनचूकपणा हवा असेल, तरीही फायद्याचे. पण चित्र केवळ वर्कशॉपला कळविण्यापुरते असेल तर बहुधा कागद-पेन्सिलच बरी, असा त्याचा आशय आहे.

केवळ वर्कशॉपला कळविण्यापुरते! आम्ही पुस्तक मिटून ठेवले आणि त्या रात्री पुढे वाचले नाही. सदरलंड यांचा त्यात कोणाला कमी लेखण्याचा हेतू नव्हता हे उघड आहे. ते यंत्राच्या तासाचा हिशेब करीत होते, आणि त्यांचे म्हणणे त्या काळी व्यवहाराला धरूनच होते. पण त्या वाक्यात एक गोष्ट न बोलता धरून चालली आहे. ती अशी की, बातमी एकाच दिशेने जाते. चित्रशाळेत विचार होतो आणि वर्कशॉपला तो कळविला जातो. वर्कशॉपकडून चित्राकडे काही परत येत असते, येऊ शकते, हे त्या वाटेवर कोठे धरलेलेच नाही. आम्ही आज जे सांगणार आहोत ते एवढ्याच जागेविषयी आहे. साठ वर्षांत लेखणी बदलली, पडदा बदलला, यंत्र खोलीतून खिशात आले; परंतु ही परतीची वाट अजून नीट बांधली गेली नाही.

अमेरिकेतून थोडे फ्रान्सकडे वळू. रेनो या मोटारींच्या कारखान्यात पिएर बेझिए नावाचे इंजिनियर १९३३ साली लागले. पदवी असूनही त्यांचा आरंभ टूलरूमच्या कामापासून झाला, आणि हे त्यांच्या पुढच्या कामात दिसते असे आम्हांला वाटते. मोटारीच्या अंगाचे बाकदार आकार त्या काळी कसे ठरत? कलाकार पूर्ण मापाचे चित्र काढी. त्यावरून पत्र्याचे छेद कापून प्लास्टरची प्रतिमा करीत. त्या प्रतिमेवरून डाय. दर टप्प्यावर कारागीर आपल्या डोळ्याने थोडे घाशी, थोडे भरी, आणि शेवटी तयार झालेले दार चौकटीत बसले नाही की सगळे एकमेकांकडे बोट दाखवीत. बेझिए यांनी वक्र रेघ मोजक्या बिंदूंनी बांधली. बिंदू ओढला की रेघ आज्ञाधारकपणे वळते, आणि ज्या आकड्यांनी ती पडद्यावर किंवा कागदावर उमटते त्याच आकड्यांनी मिलिंग यंत्रही चालते. गणित न शिकलेल्या आरेखकाला हे हाताळता आले पाहिजे, असा त्यांचा कटाक्ष होता. हाच विचार सित्रोएन या दुसऱ्या कारखान्यात द कास्तलजो यांनी १९५९ सालीच केला होता. पण कंपनीने तो गुपित म्हणून कुलपात ठेवला आणि नाव झाले बेझिए यांचे. कारखान्यातील गुपिते अशीच असतात. असो.

आजच्या साधनांची जात मात्र १९८८ पासूनची. त्या वर्षी सॅम्युएल गाइसबर्ग यांच्या कंपनीने प्रो-इंजिनियर हे सॉफ्टवेअर बाजारात आणले. गाइसबर्ग हे लेनिनग्राडचे गणिती. सोव्हिएत देश सोडून अमेरिकेत गेलेले. यात आधी हाताने ढोबळ रेखाटन करावयाचे आणि मागून मापे व बंधने घालावयाची. एक माप बदलले की सारी वस्तू त्याप्रमाणे आपोआप बदलते. येथे थोडा हिशेब सांगतो, कंटाळू नका. एक चौकोन घ्या. त्याला चार कोपरे, आणि प्रत्येक कोपरा डावी-उजवीकडे व वर-खाली असा दोन प्रकारे हलू शकतो. म्हणजे एकंदर आठ प्रकारची मोकळीक. दोन बाजू आडव्या पाहिजेत, दोन उभ्या पाहिजेत, असे म्हटले की चार मोकळिकी गेल्या. लांबी आणि रुंदी सांगितली, आणखी दोन गेल्या. एक कोपरा जागच्या जागी ठोकला, उरलेल्या दोन गेल्या. आता तो चौकोन हलू शकत नाही. याला म्हणतात पूर्ण बांधलेले रेखाटन. एका फार प्रचारातील सॉफ्टवेअरमध्ये मोकळी रेघ निळी दिसते, पूर्ण बांधलेली काळी होते, आणि एकमेकींशी भांडणारी बंधने घातली तर तांबडा रंग येतो. डिझाइनच्या खात्यातील मुले सकाळपासून संध्याकाळपर्यंत निळ्याचे काळे करीत असतात. सगळ्या रेघा काळ्या झाल्या की काम बिनचूक झाले, असा त्यांचा समज होतो. आणि तो समज होण्यात त्यांचा दोष नाही, कारण पडदाच तसे सांगत असतो.

आता आम्ही एक हकीकत सांगतो. कारखान्याचे नाव सांगणार नाही.

१९९० नंतरच्या दशकाची अखेर. पत्राकामाचा कारखाना, पॉवर प्रेसचे खाते. नव्यानेच संगणकावर डिझाइन सुरू झालेले. एक नवी डाय आली. पत्र्याचा कापलेला तुकडा, ज्याला आम्ही ब्लँक म्हणतो, तो डायमध्ये दोन पिनांना टेकवून ठेवावयाचा आणि प्रेस सोडावयाचा. ब्लँक ठेवण्यासाठी चिमटा द्यावा असा नियम होता, चिमटा होताही. पण समोरची पिन आड येई आणि चिमटा आत शिरत नसे. म्हणून माणसे हात घालीत. प्रेस सोडण्यासाठी दोन्ही हातांनी दाबावयाची दोन बटणे होती. परंतु तशाने तासाचा आकडा निघत नसे, म्हणून एक बटण चिंधीने बांधून ठेवलेले असे. हे मुकादमाला माहीत होते, साहेबांना माहीत होते, आणि बंधुभगिनींनो, हे आम्हांलाही माहीत होते. आम्ही त्या वेळी संघटनेच्या कमिटीवर होतो. त्या वर्षी आम्ही बोनसच्या बोलण्यांत गुंतलो होतो.

खात्यातील एका सोबत्याने प्रेसच्या अंगावर खडूने चित्र काढून दाखविले होते. ही पिन इकडून काढून मागच्या अंगाला घ्यावी, आणि येथे बोटभर खाच पाडावी, की चिमटा सरळ आत जातो. तो सुपरवायझरला म्हणाला, "साहेब, एवढं कापलं तरी पुरे, हात बाहेर राहील." सुपरवायझर वाईट मनुष्य नव्हता. तो म्हणाला, "अरे बाबा, ड्रॉइंग वरून आलंय. त्यात मी काय करणार?"

तीन आठवड्यांनी रात्रपाळीत दुसऱ्या एका सोबत्याच्या उजव्या हाताची दोन बोटे गेली.

चौकशी झाली. टेबलावर ड्रॉइंग मांडले होते, संगणकावरून छापलेले, स्वच्छ, पांढरेशुभ्र. डायची मापे घेतली, सगळी ड्रॉइंगबरहुकूम. म्हणून निष्कर्ष निघाला, कामगाराचा निष्काळजीपणा. आम्ही भांडलो, आणि शिक्षा टळली. बोटे काही आली नाहीत. मग एके दिवशी, कोणाला काही न सांगता, डाय टूलरूममध्ये गेली आणि एका पाळीच्या कामात पिन मागे सरकवून, खाच पाडून परत आली. खडूच्या चित्रात होती तेथेच, तशीच खाच. नव्या ड्रॉइंगवर फक्त सुधारणेचा क्रमांक वाढला. चित्र काढणाऱ्याचे नाव कोठेही आले नाही. तोवर प्रेसच्या अंगावरचा खडू कोणीतरी पुसलाही होता.

त्या डायचे डिझाइन ज्याने केले त्या मुलाला आम्ही पुढे भेटलो. वर्षाच्या कंत्राटावर होता, आमच्या हेल्परपेक्षा थोडा बरा पगार. त्याने आम्हांला पडद्यावर ते मूळ रेखाटन दाखविले. एकही रेघ निळी नव्हती. पत्र्याची जाडी होती, पंच आणि डाय यांमधील फट होती, पिनांची जागा शतांश मिलिमीटरपर्यंत होती. हात नव्हता. हात हे बंधन कोणी घातलेच नव्हते, आणि न घातलेले बंधन मोडले तर कोणताही पडदा तांबडा होत नाही. मुलगा म्हणाला, "काका, मी तो प्रेस चालताना एकदाही पाहिला नाही. मला खाली सोडत नाहीत, वेळ जातो म्हणून." आम्ही त्याच्यावर रागावण्याच्या तयारीने गेलो होतो, परत येताना आमच्या यादीत आणखी एका कामगाराची भर पडली होती, एवढेच.

हा प्रश्न आमच्या आधी ज्यांनी मांडला त्यांत एक मोठा मनुष्य होऊन गेला. त्यांचे नाव माइक कूली. जन्म आयर्लंडचा, १९३४ सालचा. ब्रिटनमध्ये लुकास एरोस्पेस या विमानांचे भाग करणाऱ्या कंपनीत ते डिझाइन इंजिनियर होते आणि आरेखकांच्या संघटनेचे पुढारीही होते. १९८० साली त्यांनी 'आर्किटेक्ट ऑर बी?' या नावाचे पुस्तक काढले. त्यांचे म्हणणे असे की, एके काळी आरेखक वस्तू काढी, तिची मजबुती तोच मोजी, माल तोच निवडी आणि ती कशी घडते ते पाहण्याला वर्कशॉपमध्ये तोच जाई. मग हे एकेक काम निरनिराळ्या तज्ज्ञांकडे गेले, आणि शेवटी संगणक आला. यंत्र महाग, म्हणून ते रिकामे राहता कामा नये. म्हणून आरेखकालाही पाळीत बसवावे, अशी मागणी कंपन्या करू लागल्या. कूली यांनी एक गोष्ट सांगितली आहे. जेट इंजिनातील एका भागाचे डिझाइन पडद्यावर करताना दशांशचिन्ह एक घर सरकले. यंत्राने निमूटपणे दहापट मोठा भाग करून दिला. तो भाग हाती आला तरी डिझाइन करणाऱ्याला त्यात काही चुकले आहे असे वाटले नाही! मामांच्या टेबलावर तो भाग आला असता तर मामा काय म्हणाले असते ते या सभेत सांगण्यासारखे नाही.

कूली नुसते तक्रार करून थांबले नाहीत, म्हणून आम्ही त्यांना मानतो. नोकरकपातीची टांगती तलवार असताना त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी तज्ज्ञांना पत्रे धाडली की, आमच्या यंत्रांवर आणि आमच्या कौशल्यावर समाजोपयोगी असे काय करता येईल? तज्ज्ञांकडून फारशी उत्तरे आली नाहीत. तेव्हा त्यांनी आपल्याच सभासदांना विचारले. जानेवारी १९७६ मध्ये सुमारे १५० वस्तूंची योजना तयार झाली. मूत्रपिंडाच्या रोग्यांसाठी यंत्रे, उष्णता खेचणारे पंप, रस्त्यावर आणि रुळांवर दोहोंकडे चालणारी गाडी. ही गाडी तर करून, चालवून पाहिली गेली. कंपनीने योजना नाकारली आणि १९८१ साली कूली यांना कामावरून काढले. त्याच वर्षी त्यांना राइट लाइव्हलीहुड पारितोषिक मिळाले. २०२० साली ते वारले.

त्यांच्या विचाराचा धागा पुढे युरोपात काहींनी उचलला. १९८० नंतरच्या दशकात एस्प्रिट या युरोपीय संशोधन कार्यक्रमात ब्रिटन, जर्मनी आणि डेन्मार्क येथील मंडळींनी मिळून, मनुष्य मध्यभागी ठेवून कारखान्यातील संगणकांची मांडणी कशी करावी यावर काम केले. त्यात यंत्रावरच्या कामगाराला आणि आरेखकाला एकमेकांकडे रेखाटने पाठविता यावीत अशा पाटीची कल्पना होती. म्हणजे परतीच्या वाटेची. ती कल्पना बाजारात रुजली नाही. बाजारात रुजले ते दुसरेच.

आता तर लेखणी पुष्कळच स्वस्त झाली आहे. काचेच्या पाटीवर बोटाने काढा, पेनाने काढा. १९९९ साली टोकियोच्या ताकेओ इगाराशी यांनी टेडी नावाचे एक साधन दाखविले. त्यात एक बंद रेघ काढली की तिची कापूस भरलेल्या बाहुलीसारखी फुगीर आकृती तयार होई. मुलांना फार आवडावे असे ते आहे. पण बाहुलीला बंधने नसतात. हाताच्या ढोबळ रेखाटनातून इंजिनियरिंगची वस्तू करावयाची तर यंत्राला मनातले ओळखावे लागते, आणि तेथे ते कसे फसते याचा एक मासला सांगतो. आमच्या ओळखीच्या एका पॅटर्न करणाऱ्या कारागिराने असल्या साधनावर एका कास्टिंगचे अंग काढून पाहिले. साच्यातून सुटावे म्हणून त्याने उभ्या रेघेला मुद्दाम दोन अंशांचा उतार दिला. साधनाला वाटले, म्हातारबुवांचा हात थरथरला! त्याने ती रेघ तत्परतेने सरळ उभी करून दिली आणि शेजारी उभेपणाचे चिन्हही लावले. कारागिराने पुन्हा उतार दिला, यंत्राने पुन्हा सरळ केली. त्या दोन अंशांत त्याची चाळीस वर्षे होती, आणि यंत्राच्या लेखी ती चूक होती. ही सोय बंद करता येते हे आम्हांला मागाहून समजले. पण ती बंद करावी लागते, आपोआप चालू असते, हे ध्यानात घ्या.

यावर मालकपक्षाचे एक म्हणणे असते आणि ते हसण्यावारी नेण्यासारखे नाही. ते म्हणतात, प्रत्येक कामगार ड्रॉइंग बदलू लागला तर कारखाना चालावयाचा कसा? उद्या अमक्या भागाची कोणती आवृत्ती खरी हे कोणालाच कळणार नाही. हे बरोबर आहे. रेनोच्या कारखान्यातील दार चौकटीत बसत नव्हते ते याचमुळे. पण ज्याच्या त्याने ड्रॉइंग बदलावे असे आम्ही म्हणतच नाही. आमची मागणी अशी आहे की, ड्रॉइंग कायम होण्यापूर्वी ज्याच्या हाताखालून ती वस्तू जावयाची आहे त्याच्यापुढे ते मांडावे. त्याला जे काढून दाखवावयाचे ते त्याने त्याच पडद्यावर, त्याच चित्रावर काढावे. आणि ते स्वीकारले वा नाकारले तरी कारणासह नोंदीत राहावे, काढणाऱ्याच्या नावाने. खडूसारखे पुसले जाऊ नये. गेल्या मागणीपत्रात आम्ही हे कलम घातले. पगाराच्या कलमांवर तीन बैठका झाल्या. या कलमापुढे व्यवस्थापनाने लिहिले, विचाराधीन.

एका कारखान्यात मात्र व्यवस्थापनाने ते करून पाहण्याचे कबूल केले. विजेच्या तारांचे जुडगे जोडण्याचे काम. ओळीवर बहुतेक मुली आणि बाया. ओळीच्या टोकाला एक पाटीसारखा पडदा टांगला. पहिले काही दिवस कोणीही त्याकडे फिरकले नाही. चौकशी केली तेव्हा कळले की, आपल्या चित्राला सगळे हसतील ही एक भीती, आणि तक्रार केली म्हणून नाव जाईल ही दुसरी. शिवाय तेलकट बोट काचेवर उठत नसे. मग शेजारी एक फडके लावले आणि दोरीला बांधून एक पेन ठेवले. पहिले चित्र एका बाईने काढले. जोडाच्या कडीवर दाबावयाचे तर अंगठा मागे मोडावा लागतो, दिवसातून शेकडो वेळा, आणि रात्री मनगट ठणकते, हे तिने लिहिले नाही. तिने पडद्यावरच्या त्या नीटस, काळ्या रेघांच्या जोडाशेजारी एक अंगठा काढला. चांगला नव्हता काढलेला. भेंडीसारखा दिसत होता.

दोन दिवसांनी वरून डिझाइन खात्याचे उत्तर आले. त्यात विचारले होते, अंगठ्याचे माप किती धरावे? ओळीवर मोठा हशा पिकला. त्या बाईने पेन उचलून खाली उत्तर लिहिले, या आणि मोजा. आणि तो मुलगा खरोखरच व्हर्नियर घेऊन खाली आला, आणि चहाच्या सुटीत त्याने ओळीवरच्या अकरा जणींचे अंगठे मोजून वहीत लिहून घेतले.